संत्र्याची बाग, हिशेबनीस आणि जुनी गिटार

वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणण्याची रूढी जुनी आहे. खऱ्या कॅलिफोर्नियात, अनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मधल्या एका संत्र्याच्या बागेत, 10 ऑगस्ट 1909 रोजी बागाईतदाराच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव लिओ फेंडर. (तिकडचे व्हॅलेन्शिया संत्रे हे खरे तर आपल्या मोसंबीच्या कुळातले, नागपुरी संत्र्याची सर त्याला नाही, हे वरूडकरांना वेगळे सांगायला नको.) मुलाने शिक्षण घेतले ते हिशेबशास्त्राचे. काही वर्षे त्याने हिशेबनिसाची नोकरी केली. मंदीच्या काळात ती सुटली, तेव्हा 1938 मध्ये सहाशे डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्याच दुकानाच्या व्यापातून पुढे 1951 मध्ये टेलिकास्टर आणि 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर या नावाने जगभर गेलेल्या विजेवरच्या गिटारी निर्माण झाल्या. नवलाची गोष्ट अशी की, फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

जुनी गिटार घेऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने या चरित्रातला महत्त्वाचा भाग म्हणजे ते दुरुस्तीचे दुकान. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने वस्तू घडवली, की ती उघडता येईल अशीच घडते. फेंडर पद्धतीच्या गिटारची दांडी धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. खुंट्या, घोडी, स्विच, तारांचा कंप टिपणारे 'पिकअप' यांपैकी प्रत्येक भाग सुटा काढून बदलता येतो. पिकअप म्हणजे तरी काय, तर लोहचुंबकाभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. बोअरच्या पंपाची जळालेली मोटार भरून घेण्याची ज्या गावाला सवय आहे, त्याला यात गूढ वाटण्याचे कारण नाही. लाकूड शाबूत असेल, तर अशी गिटार तीस-चाळीस वर्षांनीही नव्यासारखी बोलते.

आपल्या व्यापारी कुटुंबांत हा विषय आता परका राहिलेला नाही. एके काळी विजेवरची गिटार घरात यायची ती व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांतून किंवा रेडिओवरून. आज भक्तीसंध्येच्या व्यासपीठावर कीबोर्डच्या शेजारी गिटार असते, पर्युषणातल्या कार्यक्रमात पाठशाळेची मुले स्तवनाला तिची साथ देतात, आणि दहावीचा निकाल लागला की घरातला मुलगा किंवा मुलगी गिटारचा हट्ट धरते. वडील दुकानातला माणूस नागपूरला पाठवतात किंवा मोबाइलवर मागवतात. 'अजून शिकायचेच आहे' म्हणून चार-पाच हजारांची कोरी करकरीत गिटार येते.

चूक नेमकी येथे होते. अशा गिटारच्या तारा दांडीपासून फार उंच असतात. त्या दाबताना कोवळ्या बोटांना वळ उठतात, खुंट्या धरून राहत नाहीत, सूर दर दहा मिनिटांनी उतरतो. मुलाला वाटते आपल्यालाच जमत नाही, घरच्यांना वाटते नाद संपला. वस्तुतः बिघाड लाकडात असतो, मुलात नाही. माळ्यावर गेलेली ती गिटार पुढे कोणी हजार रुपयांनाही मागत नाही, आणि मुलाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास मात्र कायमचा जातो.

याउलट चांगल्या कंपनीची वापरलेली गिटार. नवीन वाद्य शिकू लागणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक पहिल्या वर्षातच ते सोडून देतात, असे फेंडर कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनीच काही वर्षांपूर्वी सांगितले होते. विकणाऱ्यासाठी हे दुःख, घेणाऱ्यासाठी हा माल. शिवाय 2020 च्या टाळेबंदीत जगभर गिटारींचा विक्रमी खप झाला. घरी बसलेल्यांनी हौसेने घेतलेली ती वाद्ये पुढे कपाटांवरून खाली उतरू लागली. वाद्यावरचा पहिला घसारा दुकानाची पायरी उतरतानाच बसतो. नव्या किमतीच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश भावात उत्तम स्थितीतली गिटार मिळावी, अशी अपेक्षा धरण्यास हरकत नाही. आणि एकदा त्या भावाने घेतलेली वस्तू दोन वर्षांनी विकली, तर तूट थोडीच येते.

आता प्रश्न नावाचा आणि मालाचा. फेंडर यांनी जानेवारी 1965 मध्ये आपली कंपनी सीबीएस या बड्या उद्योगाला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. त्यानंतरच्या काळात मालाचा दर्जा घसरला, असे जाणकारांचे मत आहे. 1985 मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती परत विकत घेतली. इकडे स्वतः लिओ फेंडर यांनी 1979 मध्ये फुलर्टनमध्येच 'जी अँड एल' ही नवी पेढी काढली आणि 1991 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे काम केले. मौज अशी की, त्यांच्या उतारवयातल्या या गिटारी जुन्या बाजारात फेंडर नावाच्या गिटारींपेक्षा स्वस्त जातात. भाव पाटीला मिळतो, हाताला नाही. व्यापाऱ्याने हे ओळखले, की निम्मा सौदा झाला.

जपानचेही असेच. मात्सुमोतो गावच्या फुजीजेन कारखान्याने सत्तरच्या दशकात इतक्या हुबेहूब नकला बनवल्या, की 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत आयबानेझच्या वितरकावर दावा ठोकला. पुढे 1982 पासून फेंडरने स्वतःच त्या कारखान्याकडून माल बनवून घेतला! ते जपानी नग आता महाग झाले आहेत. आपल्या आवाक्यातली नावे वेगळी: यामाहाची 1990 पासून चालत आलेली पॅसिफिका मालिका, कोर्ट, आयबानेझच्या साध्या श्रेणी, फेंडरची स्क्वायर, गिब्सनची एपिफोन. यांत पॅसिफिकाचा क्रम वरचा लावावा. यामाहा म्हटले की लोकांना मोटरसायकल आठवते, म्हणून तिला जुन्या बाजारात रुबाब नाही. बनावट मात्र चोख.

वरूडमध्ये असा माल क्वचितच येईल. शोध घ्यावा तो नागपूर, पुणे, मुंबई येथे, आणि विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा अभियांत्रिकीची मुले वसतिगृहे रिकामी करतात. नातेवाइकांपैकी कोणी तेथे असेल तर त्याच्याकरवी वस्तू हाताळून पाहावी. परदेशातून जुनी गिटार व्यापारासाठी मागवण्याचा विचार कोणी करू नये, कारण भांडवली यंत्रांखेरीज इतर वापरलेल्या मालाची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे, तिला परवाना लागतो. देशांतर्गत जुन्या वाद्यांचा धंदा करू पाहणाऱ्या तरुणांनी मात्र जीएसटी नियम 32(5) वाचून ठेवावा: खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर वापरलेल्या मालावर कर लागतो तो केवळ नफ्याच्या फरकावर, आणि फरक उणे असेल तर लागतच नाही.

पाहणी कशी करावी? बाग उभी असताना झाडावरचा माल जोखणाऱ्या माणसाला हे कठीण नाही. प्रथम दांडी. डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून तिच्या कडेवरून नजर टाकावी. पीळ दिसला तर तेथेच नमस्कार करावा. किंचित बाक असेल तर घाबरू नये, आतली पोलादी सळई फिरवून तो काढता येतो, पण ती सळई फिरते आहे ना, हे पाहून घ्यावे. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरला असता मध्ये तार आणि पडदा यांत कागदाची एखादी घडी जाईल इतकीच फट असावी. पडद्यांवर तारांच्या खाचा खोल पडल्या असतील, तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तार यांचा सूर सप्तकाच्या अंतराने जुळला पाहिजे. मग गिटार ध्वनिवर्धकाला जोडून प्रत्येक बटण फिरवावे. खरखर ही बहुधा धूळ असते, दहा मिनिटांत जाते; आणि हीच खरखर भाव पाडण्याच्या कामी येते. गिब्सन घाटाच्या गिटारीत डोक्यामागचा भाग बोटाने चाचपावा, कारण पडली की ती तेथेच चिरते. गिब्सन लेस पॉल म्हणून दाखवलेल्या नगाच्या डोक्यावरच्या छोट्या झाकणाला दोनऐवजी तीन स्क्रू असतील, तर ती नक्कल समजावी.

पैसे वस्तू हातात आल्यावरच द्यावेत. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे. जुन्या मालाच्या व्यवहारांत सर्वाधिक फसवणूक तेथे होते. मूळ पावती आणि नगाचा क्रमांक मागावा.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न हमखास निघतो, तो म्हणजे यात हिंसेचा अंश किती? तारा पोलादाच्या आणि निकेलच्या, आतड्याच्या नव्हेत. रंग बहुधा कृत्रिम किंवा वनस्पतिजन्य. 'टॉर्टॉइज शेल' या नावाने विकली जाणारी तपकिरी पट्टी नावापुरतीच कासवाची, विजेवरच्या गिटारींत ती प्लॅस्टिकची असते. तपासण्याजोग्या जागा तीन. डोक्याजवळ तारा ज्या खाचांतून जातात तो 'नट' काही महागड्या नगांत हाडाचा असतो; तो काढून कृत्रिम किंवा पितळी बसवता येतो. दांडीवरचे ठिपके काही वेळा खऱ्या शिंपल्याचे असतात. स्वस्त श्रेणींत बहुधा दोन्ही प्लॅस्टिकचे, म्हणजे येथे कमी किमतीचा माल अधिक निर्दोष! आणि पट्टा चामड्याचा आला, तर तो विकणाऱ्याकडेच ठेवून सुती घ्यावा.

वऱ्हाडातल्या हवेची गोष्ट वेगळीच. मे महिन्यातल्या कोरड्या उष्म्यात लाकूड आक्रसते आणि पडद्यांची टोके दांडीच्या कडेला बाहेर येऊन बोटाला टोचू लागतात. कारागीर ती कानशीने घासून देतो. गिटार गच्चीखालच्या खोलीत ठेवू नये आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नाही, त्या दमट वाऱ्याने तारा आठवड्यात गंजतात. गिटारसोबत परदेशातला ध्वनिवर्धक मिळत असेल, तर त्याच्या मागची पाटी वाचावी. जपानी यंत्र 100 व्होल्टचे, अमेरिकी 120 व्होल्टचे असते. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगात ते लावले, तर पहिल्या सुराआधीच धूर निघेल.