लसीची भीती आणि प्रसिद्धीचे वलय

बालकांच्या लसीकरणाविषयी पालकांच्या मनात शंका येणे नवीन नाही. मात्र हीच शंका एखाद्या नामवंत अभिनेत्रीच्या तोंडून दूरचित्रवाणीवर व्यक्त झाली, की अल्पावधीत तिचे रूपांतर सार्वजनिक भीतीत होते. गोवर, गालगुंड व रुबेला या तीन रोगांवरील एकत्रित लसीबाबत, म्हणजेच ‘एमएमआर’बाबत, ब्रिटन आणि अमेरिकेत हेच घडले. भारताने याउलट पोलिओ निर्मूलनासाठी प्रसिद्धीचा उपयोग करून घेतला. प्रसिद्ध व्यक्तीच्या शब्दाने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे या दोन्ही अनुभवांवरून स्पष्ट होते.

एका शोधनिबंधापासून सुरुवात

लंडनमधील रॉयल फ्री रुग्णालयाशी संबंधित डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो अवघ्या १२ मुलांच्या पाहणीवर आधारित होता. एमएमआर लस आणि स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, यांचा संबंध असू शकतो, असे त्यात सुचविण्यात आले होते. हा संबंध सिद्ध झाल्याचा दावा निबंधात नव्हता. तथापि त्या वेळी घेतलेल्या पत्रकार परिषदेत डॉ. वेकफिल्ड यांनी तिन्ही लसी स्वतंत्रपणे देण्याची शिफारस केली आणि वृत्तपत्रांना मोठा विषय मिळाला.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने केलेल्या शोधातून गंभीर बाबी उजेडात आल्या. लस उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून डॉ. वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि ही बाब त्यांनी उघड केली नव्हती. २००४ मध्ये १३ पैकी १० लेखकांनी निबंधातील निष्कर्षापासून फारकत घेतली. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने संपूर्ण निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने डॉ. वेकफिल्ड यांचे नाव नोंदवहीतून कमी केले. तोपर्यंत १२ वर्षे लोटली होती.

पंतप्रधानांचे मौन

ब्रिटनमध्ये या भीतीला सर्वाधिक खतपाणी मिळाले ते एका न दिलेल्या उत्तरामुळे. तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा धाकटा मुलगा लिओ याचा जन्म २००० सालचा. त्याला एमएमआर लस देण्यात आली आहे काय, असा प्रश्न २००१ च्या अखेरीस विचारला गेला. कुटुंबाच्या खासगी बाबींवर बोलणार नाही, अशी भूमिका ब्लेअर यांनी घेतली. लस सुरक्षित असल्याचे सरकार सांगत होते, परंतु सरकारचा प्रमुख स्वतःच्या मुलाविषयी बोलत नव्हता. या विसंगतीचा लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. लिओला लस देण्यात आली होती, हे नंतर २००८ मध्ये त्यांच्या पत्नी शेरी ब्लेअर यांच्या आत्मचरित्रामुळे समजले.

इंग्लंडमध्ये दोन वर्षांपर्यंतच्या मुलांतील या लसीचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ९२ टक्के होते. २००३-०४ मध्ये ते सुमारे ८० टक्क्यांवर आले. गोवराची स्थानिक साखळी खंडित झाल्यानंतर १४ वर्षांनी, म्हणजे २००८ मध्ये, इंग्लंड व वेल्समध्ये हा रोग पुन्हा स्थिरावल्याचे जाहीर करावे लागले.

दूरचित्रवाणीवरील आई

अमेरिकेत या विषयाला चेहरा मिळाला तो अभिनेत्री जेनी मॅकार्थी यांचा. त्यांच्या मुलाला २००५ मध्ये स्वमग्नतेचे निदान झाले होते. सप्टेंबर २००७ मध्ये ओप्रा विन्फ्री यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात त्यांनी मुलाच्या स्थितीचा संबंध लसीशी जोडला. जून २००८ मध्ये त्यांनी अभिनेते जिम कॅरी यांच्यासमवेत वॉशिंग्टनमध्ये मोर्चाचे नेतृत्व केले. आपण लसविरोधी नसून सुरक्षित लसींची मागणी करीत आहोत, असे मॅकार्थी यांनी वारंवार म्हटले आहे. मात्र श्रोत्यांच्या मनावर ठसली ती एका आईची व्यथा. या व्यथेच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न होता तो तिच्यातून काढलेल्या निष्कर्षाचा.

योगायोग की कारण?

एमएमआर लसीची पहिली मात्रा अनेक देशांत बालकाच्या पहिल्या वाढदिवसानंतर दिली जाते. हाक मारल्यावर प्रतिसाद न देणे, नजरेला नजर न भिडवणे, शिकलेले शब्द विसरणे, ही स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या लक्षात येतात तीही बहुधा आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात. त्यामुळे लाखो मुलांना लस दिली जात असताना त्यांपैकी काहींमध्ये लसीनंतर काही दिवसांतच ही लक्षणे दिसणे अपरिहार्य आहे. आधी घडले ते कारण आणि नंतर घडले तो परिणाम, असे मन सहज ठरवते.

हा संबंध खरा असता, तर लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण लस न घेतलेल्या मुलांपेक्षा अधिक आढळले असते. डेन्मार्कमध्ये याची दोनदा मोठी तपासणी झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ लाख ३७ हजारांहून अधिक, तर २०१९ मधील अभ्यासात ६ लाख ५७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत असल्याचे दोन्हींत आढळले नाही.

लसीचे दुष्परिणाम मुळीच नसतात, असा याचा अर्थ नव्हे. ताप, अंगावर पुरळ, सुईच्या जागी सूज हे त्रास होतात आणि क्वचित तीव्र ॲलर्जीही उद्भवते. याउलट गोवर हा अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांचा रुग्णाशी निकटचा संपर्क आल्यास सुमारे नऊ जणांना त्याची लागण होते. न्यूमोनिया व मेंदूदाह यांसारखी गुंतागुंत प्राणावर बेतू शकते. म्हणूनच समाजातील सुमारे ९५ टक्के लोकांना लसीचे संरक्षण असणे आवश्यक मानले जाते.

अमेरिकेने २००० मध्ये गोवराचे निर्मूलन झाल्याचे घोषित केले होते. तेथे २०१९ मध्ये १,२७४ रुग्ण आढळले. २०२५ मध्ये ही संख्या दोन हजारांवर गेली. त्या वर्षी टेक्सासमध्ये लस न घेतलेल्या दोन मुलींचा मृत्यू झाला. याचा सारा दोष कलावंतांवर टाकणे योग्य ठरणार नाही. तथापि शास्त्राने नाकारलेली शंका लोकांच्या मनात जिवंत ठेवण्यात त्यांच्या प्रसिद्धीचा वाटा नाकारता येत नाही.

विश्वास कोणावर?

अमेरिकेतील सुमारे दीड हजार पालकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लसीच्या सुरक्षिततेबाबत आपल्या मुलाच्या डॉक्टरांवर पुष्कळ विश्वास असल्याचे ७६ टक्के पालकांनी सांगितले. प्रसिद्ध व्यक्तींवर तितका विश्वास असणारे अवघे २ टक्के होते, मात्र आणखी २४ टक्के पालकांनी त्यांच्यावर काही अंशी विश्वास ठेवत असल्याचे मान्य केले. गोवरासारख्या रोगात ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठावयाचे असताना, इतक्या पालकांच्या मनातील किंचित डळमळही पुरेशी ठरते.

भारताचा अनुभव

प्रसिद्धीचा उपयोग लसीच्या बाजूनेही झाला आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकारांसमोर पोलिओची लस टोचून घेतली होती. भारतात ‘दो बूंद जिंदगी की’ हे घोषवाक्य घराघरांत पोहोचले ते अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. मुलांना डोस न देणाऱ्या पालकांना ते जाहिरातीत चक्क रागावताना दिसत.

मात्र २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले आणि त्यांपैकी १,२०० हून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. डोसमुळे मुले पुढे वंध्य होतील, अशी अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात पसरली होती. ताप वा जुलाबावर उपचारासाठी कोणी येत नाही, पण डोस घेऊन मात्र पुन्हा पुन्हा येतात, ते का, असा लोकांचा रास्त प्रश्न होता. जाहिरात त्याला उत्तर देऊ शकत नव्हती. ते काम युनिसेफच्या साह्याने नेमलेल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या महिला कार्यकर्त्या, मशिदींमधील इमाम आणि स्थानिक डॉक्टर यांनी दारोदारी जाऊन केले. २०१० मध्ये अधिक परिणामकारक लसही उपलब्ध झाली. हावडा येथे १३ जानेवारी २०११ रोजी आढळलेला रुग्ण देशातील शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

प्रसिद्ध व्यक्ती लोकांचे लक्ष वेधून घेऊ शकते, लोकांना बूथपर्यंत आणू शकते. मात्र दारात उभ्या असलेल्या आईच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तिच्या ओळखीचा, जाणकार आणि उद्याही भेटणारा माणूस लागतो. अमेरिकी अभिनेत्री अमांडा पीट यांनी २००८ मध्ये लसीकरणाचा पुरस्कार करतानाच, अभिनेत्यांचे नव्हे तर तज्ज्ञांचे ऐका, असे आवाहन केले होते. लसीच्या बाजूने अथवा विरोधात, कोणत्याही नामवंताचे वक्तव्य कानी आल्यास पालकांनी आपली शंका मनात न ठेवता ती बालरोगतज्ज्ञांना, परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला विचारावी. त्या शंकेला न रागावता, पूर्ण उत्तर देणे ही आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे.