वळशाचा रस्ता आणि त्याचा आकडा

किन्हवलीहून शहापूरला निघालेल्या कोणालाही पुढे कोणता मोठा रस्ता लागतो असे विचारले, तर तो ‘आग्रा रोड’ असेच उत्तर देईल. सरकारी दप्तराने मात्र २०१० साली या रस्त्याचे बारसे नव्याने केले. पूर्वीचा तीन क्रमांक आता पंजाबातील अटारीहून लेहकडे जाणाऱ्या मार्गाला मिळाला आणि आपला ठाणे-नाशिक तुकडा ८४८ झाला. मुरबाडवरून माळशेज घाट चढणारा २२२ हा ६१ झाला. आकडे बदलल्याने घाटातील एकही वळण कमी झाले नाही, हे खरे. तरीही हा विषय वाटतो तितका कोरडा नाही.

नव्या क्रमांकांमागे पद्धत आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. तीन अंकी क्रमांक हा शाखेचा. त्यातील शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे. म्हणजे ८४८ हा दिल्ली-मुंबई-चेन्नई या ४८ क्रमांकाच्या कुळातला. कुळ कळते, पण हा रस्ता मूळ मार्गापासून फुटून दूर निघून जातो, की वळसा घालून पुन्हा त्यालाच मिळतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

अमेरिकेत ते बव्हंशी कळते. तेथील आंतरराज्य महामार्गांच्या तीन अंकी क्रमांकातील पहिला अंक सम असेल तर रस्ता शहराभोवती फिरणारा किंवा दोन्ही टोकांनी महामार्गांना जोडलेला. विषम असेल तर नुसता फाटा. वॉशिंग्टनला वेढणारा ४९५ हे त्याचे परिचित उदाहरण. या नियमाला अपवाद आहेत, पण अनोळखी वाहनचालकाला पाटीवरचा एक अंक पुरतो. गंमत अशी की आपला ८४८ नाशिक, पेठ करीत गुजरातेत पारडीजवळ पुन्हा ४८ ला मिळतो. अमेरिकन नियमही त्याला लागू पडतो, पण तो केवळ योगायोगाने!

आता शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा मार्ग पाहा. त्याला ५४८ अ हा क्रमांक आहे. नकाशावर बोट फिरवले की त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. शहापूरला नाशिकचा रस्ता, मुरबाडला माळशेजचा आणि खोपोलीला पुण्याचा, अशा मुंबईतून बाहेर पडणाऱ्या तीन वाटांना तो ठाणे, कल्याण, पनवेल या गर्दीच्या बाहेरून जोडतो. हा महानगराचा बाहेरचा वळसाच आहे. पण ‘५४८ अ’ या अक्षरांतून शाखेच्या उपशाखेपलीकडे काही प्रकट होत नाही. ज्याला फाटा म्हटले, त्याची रुंदी, पूल आणि साइडपट्ट्या फाट्याच्याच मापाने विचारात घेतल्या जाण्याची भीती असते. वाहतूक मात्र वळशाची येते. नाशिकहून पुण्याच्या घाटाकडे जाणारा अवजड ट्रक पाटीवरील उपाधी वाचून परत फिरत नाही.

क्रमांक म्हणजे जबाबदारीचा पत्ता. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार घोषित झालेला मार्ग केंद्राच्या मालकीचा होतो आणि त्याच्या देखभालीची जबाबदारीही प्रथमतः केंद्राकडे जाते. उलट प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या बांधकाम खात्याकडे, तर ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे की हिरवे, हा प्रश्न म्हणूनच केवळ रंगाचा नसतो.

ही गोष्ट मद्यविक्रेत्यांइतकी कोणी चटकन ओळखली नाही! डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. तेव्हा काही राज्यांनी शहरांतील रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घेण्याचा मार्ग शोधला. डांबर तेच, खड्डे तेच; पण दुकान कायदेशीर. शहरांतर्गत रस्त्यांबाबत असा बदल गैर नाही, असे जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेही म्हटले.

दिल्लीभोवतीच्या वर्तुळाची कथा वेगळी आहे. २०१८ साली पुरे झालेल्या या वर्तुळाचा पूर्वेकडील अर्धा भाग राष्ट्रीय द्रुतगती मार्ग क्रमांक २ आहे, तर पश्चिमेकडील अर्धा हरियाणा राज्याच्या यंत्रणेकडे. प्रवाशाच्या लेखी वर्तुळ एक, दप्तरात धनी दोन.

आणि वळसा झाल्यावर आतल्या रस्त्याचे काय? कात्रज-देहूरोड बाह्यवळण झाले तेव्हा महामार्गाचा क्रमांक त्याच्याबरोबर शहराबाहेर गेला आणि पुण्यातून जाणारा जुना मार्ग शहराचा एक रस्ता होऊन राहिला. श्रीमंत महापालिकेला ते पेलवते. मुरबाडसारख्या नगरपंचायतीच्या गावाला, किंवा किन्हवलीसारख्या ग्रामपंचायतीला, तसा वारसा मिळाला तर तो कशाच्या बळावर सांभाळावा?

म्हणून या पट्ट्यातील लोकांनी रुंदीकरणाची मागणी करताना आणखी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. शहापूर-खोपोली मार्ग महानगराचा बाह्य वळसा म्हणून घोषित व्हावा आणि त्याची आखणी त्या मापाने व्हावी, ही पहिली. पुढे कोठेही बाह्यवळण निघाल्यास जुना तुकडा दुरुस्त करून, आणि त्याच्या देखभालीच्या पैशाची तरतूद करूनच, गावाच्या हवाली करावा, ही दुसरी. भूसंपादनाची नोटीस हाती पडल्यावर या गोष्टी मागता येतात, पण तेव्हा त्या ऐकायला फारसे कोणी मोकळे नसते.