तारीख चुकली की माणूस का येत नाही?

प्रोबेशन म्हटले की आपल्याला नोकरीतला उमेदवारीचा काळ आठवतो. कोर्टातले प्रोबेशन, म्हणजे परिवीक्षा, वेगळी. 1958च्या कायद्याने दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. देखरेखीचा आदेश असेल तर किमान एक वर्ष त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या संपर्कात राहावे लागते. काही जण मध्येच दिसेनासे होतात. मग ‘पळाला’ असा शिक्का बसतो.

सरकारी दवाखान्यात हा शिक्का आम्हीही वापरत होतो. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणारा ‘डिफॉल्टर’ असे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये तो शब्द काढून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ हा अर्थ आणला. दोष रुग्णावर टाकणे थांबले, की तो कुठे सुटला हे शोधावे लागते.

आपल्या किनाऱ्यावर ते शोधणे अवघड नाही. बोटीवरचा खलाशी आठ-आठ दिवस समुद्रात असतो. तारखेसाठी तांडेल बोट माघारी वळवत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. श्रीवर्धनहून अलिबाग गाठायचे तर दिघीची फेरीबोट, पुढे मुरूड, आणि दिवसाची मजुरी बुडाली. त्यातच मोबाइलचे सिम बदललेले असते.

दारूचे व्यसन असले की गुंता आणखी वाढतो. रोज पिणाऱ्याने पिणे थांबवले की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. साहेबांसमोर न पिता जावे तर कापरे लपत नाही, पिऊन जावे तर वास लपत नाही. मग तो जातच नाही. याला बेपर्वाई म्हणणे मला पटत नाही.

एक तारीख चुकली की भीती बसते: आता गेलो तर आत टाकतील. कोर्टाला मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते, हे खरे. पण पहिल्याच चुकीला बंधपत्र कायम ठेवून जास्तीत जास्त पन्नास रुपये दंडावर सोडण्याचीही सोय त्याच कायद्यात आहे. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिवाय अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट बंधपत्राच्या अटी बदलू शकते.

न्यूयॉर्कमध्ये कोर्टात हजर राहण्याचे समन्स सुटसुटीत छापले, तेव्हा गैरहजेरी सुमारे 13 टक्क्यांनी घटली; मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले, तेव्हा सुमारे 21 टक्क्यांनी. हा अभ्यास 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. म्हणजे बरेच जण पळालेले नव्हते, विसरलेले होते. आपल्याकडे संदेश वाचता न येणाऱ्यांसाठी फोनच करावा लागेल, आणि नाखवाचा किंवा भट्टीच्या मुकादमाचा नंबर घ्यायचा तर आधी त्या माणसाला विचारून. नाहीतर कामही जायचे.

घरात असा कोणी असेल तर तारीख उलटली तरी अधिकाऱ्याला फोन करा, बोटीचे किंवा भट्टीचे वेळापत्रक सांगा. रोजची दारू मात्र तारखेच्या धास्तीने एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रमही होतो. आधी सरकारी रुग्णालयात या. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.