तारीख आणि इतिहास : ३१ मे

एकाच तारखेला घडलेल्या घटनांची यादी वाचताना त्या तारखेत काही सूत्र दडले असावे असे वाटू लागते; प्रत्यक्षात अशा यादीतील बहुतेक नोंदी निव्वळ योगायोगाने शेजारी आलेल्या असतात, आणि थोड्या नोंदी मात्र कोणीतरी जाणूनबुजून त्या दिवशी आणून ठेवलेल्या असतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार ३१ मे या एका तारखेभोवती पाहावयास मिळतात.

जामखेड तालुक्यातील चौंडी येथे माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी झाला असे मानले जाते. ही तारीख अर्थातच मागाहून केलेल्या गणिताची आहे, कारण त्या काळच्या मराठी दप्तरांत काळाची नोंद शक, तिथी आणि शुहूर सन, म्हणजे सूर्य मृगनक्षत्रात शिरताना बदलणारा आणि त्यामुळे मृगसाल म्हणूनही ओळखला जाणारा सन, यांच्या आधारे होत असे. इंग्रजी तारखांचीही स्थिती तेव्हा सरळ नव्हती. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये सुधारलेली कालगणना इंग्लंडने १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती, आणि तोवर जुनी ज्युलियन गणना नव्या गणनेच्या अकरा दिवस मागे पडली होती. म्हणून ३१ मे ही तारीख सुधारित गणनेची धरली, तर मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात त्याच दिवशी २० मे पडली असणार. चौंडीत त्या दिवशी या दोहोंपैकी कोणतीही तारीख कोणाच्या ओठी नसावी.

पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये निवर्तल्यानंतर अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत महेश्वरहून होळकरांचे राज्य चालवले आणि काशी विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीसह दूरदूरच्या तीर्थक्षेत्री मंदिरे, घाट व धर्मशाळा उभारल्या. ही कारकीर्द सर्वपरिचित आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की जयंतीची तारीख एकदा रूढ झाली, की पुढच्या घटना आपोआप घडून नव्हे तर ठरवून तिच्याभोवती गोळा होऊ लागतात. मलिक अहमद निजामशहाचे नाव पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून धारण करणाऱ्या या नगराच्या जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव देण्याची घोषणा मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ३१ मे २०२३ रोजी, तीही चौंडीतच केली. नामांतराची शासकीय प्रक्रिया मात्र २०२४ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे निर्णयाचा औपचारिक दिवस वेगळा आणि लोकांच्या स्मरणातला दिवस वेगळा. पुढे त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे ३०० रुपयांचे विशेष नाणे प्रकाशित झाले, हेही त्याच निवडीचे फळ होय.

याउलट स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेसाठी ३१ मे १८९३ रोजी मुंबईचा किनारा सोडला, किंवा विनू मांकड यांच्यासह ४१३ धावांची सलामी देणारे पंकज रॉय ३१ मे १९२८ रोजी जन्मले, यांत दिनदर्शिकेच्या पानापलीकडे काहीही समान नाही.

तिसरी नोंद या दोहोंच्या मधली आहे. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे बोअरांनी, स्थापिलेल्या ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या दोन प्रजासत्ताकांशी ब्रिटिशांचे १८९९ मध्ये सुरू झालेले युद्ध ३१ मे १९०२ रोजी प्रिटोरिया येथे सह्या झालेल्या तहाने संपले. ब्रिटिशांनी पकडलेल्या बोअर कैद्यांना सेंट हेलेना, बर्म्यूडा, सिलोन आणि हिंदुस्थान येथे पाठवले होते, आणि हिंदुस्थानातील प्रमुख छावण्यांपैकी एक या नगरात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, होती. त्यामुळे हजारो मैलांवर झालेल्या त्या सह्यांवर या शहरातील बंदिवानांची सुटका अवलंबून होती. परतण्यासाठी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे, आणि ती नाकारणाऱ्यांचा मुक्काम तह होऊनही लांबला. अहिल्याबाईंचा जन्मदिवस आणि हा तह यांची गाठ योगायोगाची असली, तरी नगरशी असलेला दोहोंचा संबंध खरा आहे.

दक्षिण आफ्रिकेत मात्र या तारखेची पुढची वाटचाल हेतुपुरस्सर झाली. ब्रिटिश वसाहती व जुनी बोअर राज्ये एकत्र करून बनवलेला संघ तहाच्या आठव्या वर्धापनदिनी, ३१ मे १९१० रोजी अस्तित्वात आला, ज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्यांना जवळपास कोठेच मताधिकार नव्हता. आणि वर्णभेदी सरकारने देशाला प्रजासत्ताक घोषित करण्यासाठीही ३१ मे १९६१ हाच दिवस निवडला. १९९४ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर त्या देशाने ३१ मेची सुट्टी रद्द केली आणि तिच्या जागी, सर्व वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा मतदान केले तो २७ एप्रिल हा स्वातंत्र्यदिन म्हणून घेतला.