गाणाऱ्या मैत्रिणीची मॅनेजर व्हावं का?

गटात एखादी तरी गोड गळ्याची असतेच. गौळण म्हणते, भीमगीत म्हणते. कुणीतरी तिचं गाणं मोबाइलवर टाकतं आणि जयंतीची, हळदीची बोलावणी सुरू होतात. मग ती म्हणते, "ताई, पैशाचं बोलणं मला जमत नाही, तू बघ की." हो म्हणावं का, यावर आज आम्ही बोलणार आहोत.

काम नवीन नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची जत्रेची मंडळी येतात आणि फडाचा मॅनेजर त्यांच्याशी सुपारी ठरवतो. (ही सुपारी कार्यक्रमाची, घाबरू नका.) ज्या तिथीला जत्रा जास्त, त्या दिवसाचा भाव चढा. विठाबाई नारायणगावकर त्याच गावच्या. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाले, तरी 2002 साली वारल्या तेव्हा हलाखीच होती. कला मोठी म्हणून पैसा राहतोच असं नाही, म्हणून हे काम आम्ही गंमत समजत नाही.

आता हिशेब. समजा सुपारी 10,000 रुपयांची. गाडीला 2,500, ढोलकी-पेटीवाल्यांना 3,000 गेले. उरले 4,500. तुमचा वाटा शेकडा 15 ठरला, पण कशावर? पूर्ण रकमेवर धरला तर तुम्हाला 1,500 आणि गाणारीला 3,000. उरलेल्यावर धरला तर तुम्हाला 675, तिला 3,825. आमचं मत, उरलेल्यावरच घ्या. पण महिन्यात दोनच कार्यक्रम असतील, तर 1,350 रुपयांत तुमचे फोन, फेऱ्या, जागरण भागतं का, हे आधी घरी बसून मोजा.

पैसे मागताना जीभ अडखळते का? इसार हातात आल्याशिवाय तारीख देणार नाही, असं भाऊबंदांनाही सांगता येईल का? रात्री दहाला भोंगा बंद करायचा नियम आहे. "अजून एक होऊ द्या" म्हणणाऱ्यांपुढे गाणारीच्या बाजूनं तुम्हालाच उभं राहायचंय. परतीची गाडी ठरल्याशिवाय निघायचं नाही. हे जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा, मैत्री टिकेल.

गटाची कोषाध्यक्ष असाल तर आम्ही नकोच म्हणू. दोन्हीकडचा पैसा एका पिशवीत आला की संशय येतोच.

कुणी गाणं रेकॉर्ड करायला कागद आणला तर वाचल्याशिवाय सही नको. गीत किंवा चाल तिची स्वतःची असेल, तर 2012 च्या कायदा दुरुस्तीनं रॉयल्टीतला तिचा वाटा राखलेला आहे.

ठरलंच, तर पहिला करार एका वर्षाचा, कागदावर करा. मधेच सोडायचं झालं तर घेतलेल्या सुपाऱ्या कुणी पार पाडायच्या आणि इसार कुणाकडे राहील, तेही त्याच कागदावर लिहा.