मोठी डिस्क घेण्याआधी

भोकाभोकांची ब्रेक डिस्क दिसते झकास, पण तापून भोकांच्या कडेला तडे जाऊ शकतात. रोजच्या गाडीला साधी, चांगल्या प्रतीची डिस्कच बरी. रेसचे पॅड तर नकोतच. ते तापल्यावरच नीट धरतात, आणि सकाळी सोसायटीच्या गेटमधून निघताना गाडी थंडच असते.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली झिजलेल्या डिस्कवर नवे पॅड म्हणजे पैसे पाण्यात. नवा जोड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किमीवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवायचा. मग ब्रेक गार होऊ द्यायचे. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तो असा.

खरी स्वस्त सुधारणा मात्र ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो. ओल धरल्यावर हीच अट १५५° वर येते. आंबेनळी घाट उतरताना पेडल मऊ लागलं, तर पहिला संशय ऑइलवर घ्यावा. (गिअर खालचाच होता ना?)