बातमीचे पैसे कोणी मोजले?

ऑक्टोबर २००९. महाराष्ट्रात विधानसभा निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता आणि १३ तारखेला मतदान व्हायचं होतं. त्याच दिवसांत ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या तीन दैनिकांत, काही दिवसांच्या अंतरानं, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नेतृत्वाची वाखाणणी करणारा मजकूर प्रसिद्ध झाला. ही तिन्ही पत्रं एकमेकांची स्पर्धक, त्यांचे मालक वेगळे, संपादक वेगळे. मजकूर मात्र शब्दन् शब्द एकच होता. ‘जाहिरात’ असा उल्लेख कुठेही नव्हता. वाचणाऱ्यानं ती बातमी म्हणूनच वाचली.

पत्रकार पी. साईनाथ यांनी ही पानं एकमेकांशेजारी मांडून ‘द हिंदू’मध्ये त्यावर लिहिलं आणि ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द देशभर रूढ झाला. ‘अशोक पर्व’ या मथळ्याखाली पानंच्या पानं छापली गेली होती. चव्हाण यांनी भोकर मतदारसंघातून निवडणूक लढवली होती आणि निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशोबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. केबलवरच्या जाहिरातींचा खर्च ६,००० रुपये. उमेदवाराच्या एकूण खर्चाची मर्यादा तेव्हा दहा लाख होती. आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, असं चव्हाण यांचं म्हणणं होतं. पण मग तीन वेगवेगळ्या संपादकीय विभागांना त्याच दिवसांत, एकाच शब्दांत तोच मजकूर कसा सुचला, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर वाचकाला आजवर कोणी दिलेलं नाही.

त्या निवडणुकीत याहून गंभीर गोष्ट घडली, ती न छापलेल्या बातम्यांची. ‘पॅकेज’ घेतलेल्या उमेदवाराच्या सभेला उसळलेली गर्दी पहिल्या पानावर. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो उमेदवार पेपरातून गायब. त्याच्या सभा होत होत्या, लोक येत होते, पण दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याचं नावही नसे. छापलेलं खोटं निदान दाखवता तरी येतं. न छापलेल्या खऱ्याचा पुरावा सामान्य वाचकानं कुठून आणायचा?

प्रकरण पुढे पाच वर्षं चाललं. चव्हाण यांच्याविरुद्ध लढलेले माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, उमेदवारानं दिलेला हिशोब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असा निकाल दिला. आयोगानं जुलैमध्ये चव्हाण यांना नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपत आली होती. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांच्यावर मात्र २०११ मध्ये तीन वर्षांच्या अपात्रतेची कारवाई झाली. पेड न्यूजचा खर्च लपवल्याबद्दल आमदाराला अपात्र ठरवण्याची देशातली ती पहिली वेळ. दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. चौकशी झाली ती उमेदवाराची, त्याच्या खर्चाच्या हिशोबाची. बातमी विकणाऱ्यांना कोणत्याही न्यायालयानं शिक्षा केली नाही, कारण पेड न्यूज हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही. तो करावा अशी शिफारस विधी आयोगानं २०१५ मध्ये केली. ती कागदावरच आहे.

पत्रसृष्टीनं स्वतःच्या घरात काय केलं, हे त्याहून महत्त्वाचं. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानं परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांनी उमेदवारांच्या, पत्रकारांच्या साक्षी घेतल्या, वृत्तपत्रांची नावं घेतली आणि २०१० मध्ये सविस्तर अहवाल सादर केला. कौन्सिलमध्ये मालकांच्या प्रतिनिधींनी विरोध केला आणि ३० जुलै २०१० रोजी नावांशिवायचा, काही पानांचा त्रोटक अहवाल तेवढा स्वीकारला गेला. मूळ अहवाल कौन्सिलच्या संकेतस्थळावर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, तो २०११ मध्ये. जगाला पारदर्शकतेचे धडे देणाऱ्या व्यवसायाचा अहवाल माहिती अधिकाराच्या अर्जानं बाहेर काढावा लागावा, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. ‘जनसत्ता’चे संस्थापक संपादक प्रभाष जोशी यांनी या धंद्याविरुद्ध उतारवयात गावोगाव सभा घेतल्या होत्या. ते नोव्हेंबर २००९ मध्ये गेले. आपल्याच बिरादरीनं हा अहवाल कसा दाबला, हे त्यांना पाहावं लागलं नाही.

बातमी चुकली म्हणून वाचक दुरावतो, असं सरसकट मानलं जातं. मराठी पत्रकारितेचा इतिहास वेगळं सांगतो. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी पहिल्याच वर्षी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर घणाघाती आरोप केले. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना दिवाणांच्या कारभारात छळ सोसावा लागतो, असा तो आरोप होता आणि त्याला आधार होता काही पत्रांचा. बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रं बनावट निघाली. संपादक टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिलं. बातमी चुकीची होती, संपादक ती पुरती न पडताळता छापून बसले होते, कोर्टात हरले होते. तरीही ऑक्टोबरमध्ये ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं आणि ‘केसरी’चा वाचक कमी झाला नाही.

लोकांना काय दिसलं होतं? या माणसांनी ही बातमी कोणाकडून पैसे घेऊन छापलेली नाही. चूक झाल्यावर ती त्यांनी झाकली नाही, आणि तिची किंमत स्वतः तुरुंगात जाऊन मोजली. बर्वे यांच्यावर अन्याय झाला होता आणि तो सौम्य करून सांगण्याचं कारण नाही. पण विश्वास कशावर टिकतो, हे या प्रकरणात लख्ख दिसतं. वाचक चूक पोटात घालतो. आपल्याला अंधारात ठेवून झालेला व्यवहार तो विसरत नाही.

आज हा विश्वास किती उरला आहे? ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पाहणीत ‘बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवतो’ असं म्हणणारे भारतीय २०२१ मध्ये ३८ टक्के होते, २०२४ मध्ये ४१ टक्के. जगाची सरासरीही ४० टक्क्यांच्या आसपासच आहे. फिनलंड २०२४ मध्ये ६९ टक्क्यांवर होता. भारताचे आकडे इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेटवर बातम्या वाचणाऱ्यांचे आहेत. एसटी स्टँडवर पेपर विकत घेणारा मराठी वाचक त्यात नाही. अमेरिकेतली घसरण सगळ्यांत ठळक दिसते, कारण तिथे गॅलप ही संस्था सत्तरच्या दशकापासून हा प्रश्न विचारते आहे: १९७६ मध्ये ७२ टक्के लोकांचा माध्यमांवर पुरेसा विश्वास होता, २०२४ मध्ये ३१ टक्क्यांचा. १९७६ म्हणजे वॉटरगेट प्रकरण ताजं होतं तो काळ. पत्रकारांनी राष्ट्राध्यक्षाला प्रश्न विचारले आणि लोकांचा पत्रकारांवरचा विश्वास शिगेला पोहोचला, हे सत्तेच्या मर्जीनं चालणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पेड न्यूजमध्ये बातमी उमेदवाराला विकली जात होती. वृत्तवाहिन्यांच्या काळात सौदा टीआरपीशी झाला. २०२० साली अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर काही वाहिन्यांनी महिनोन् महिने रोज संध्याकाळी खटला चालवला. साक्षीदार त्यांचे, आरोपी त्यांनी ठरवलेला, निकाल आधीच लागलेला. एका मोठ्या हिंदी वाहिनीनं सुशांतच्या नावानं बनावट ट्वीट दाखवले. तिला एक लाखाचा दंड झाला. ‘एम्स’च्या डॉक्टरांनी त्याच वर्षी खुनाची शक्यता फेटाळली आणि सीबीआयनं मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ च्या २५१ पानी निकालात ‘रिपब्लिक टीव्ही’ आणि ‘टाइम्स नाऊ’चं वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं ठरवलं. मात्र त्यासाठी कारवाई केली नाही. त्या खटल्यात याचिका घेऊन गेलेल्यांमध्ये महाराष्ट्र पोलिसांचे निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते, हेही विशेष. पुढे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये विचारलं की, एका कार्यक्रमातून वाहिनी जे कमावते त्यापुढे एक लाखाचा दंड म्हणजे काय? प्रश्न बिनतोड होता.

त्याच २०२० सालच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून, वाहिन्यांवरून मोठा अपप्रचार झाल्याची नोंद केली. या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असावं, असंही म्हटलं. मार्च-एप्रिलमध्ये ज्या पानांवर, ज्या आकाराच्या मथळ्यांत या लोकांवर करोना पसरवल्याचे आरोप झाले होते, त्या पानांवर आणि त्या आकारात हा निकाल किती ठिकाणी आला? ज्यांच्या घरी जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत त्यांनी तपासून पाहावं.

आणि मग मे २०२५. भारत-पाकिस्तान संघर्षातल्या एका रात्री पडद्यावर कराची बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद ताब्यात आलं. सकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. या गोंधळात पूंछमधली एक घटना विसरता कामा नये. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात तिथल्या मदरशातले एक शिक्षक मारले गेले. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी म्हणून दाखवलं. ज्या दिवसांत घरात माणूस गेल्याचा शोक, त्याच दिवसांत टीव्हीवर त्याच्या फोटोखाली हा शिक्का. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला आणि जूनमध्ये तिथल्या न्यायालयानं वाहिन्यांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. शत्रूच्या तोफेनं मेलेल्या भारतीय नागरिकाला स्वदेशातल्या स्टुडिओनं शत्रू ठरवलं, याला घाईत झालेली चूक म्हणता येणार नाही. एक फोन पूंछच्या पोलीस ठाण्यात लावला असता तर हे टळलं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाचं गणित आहे आणि त्यात वाचकाचाही वाटा आहे. दैनिकाच्या अंकाची किंमत कागद, छपाई आणि वितरणाचा खर्चही भरून काढत नाही. उरलेलं जाहिरातदार देतो, सरकार देतं, स्थानिक नेता देतो. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर राबतो आणि त्याच्याच गळ्यात जाहिराती आणायचं टार्गेट असतं. आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानंच भरायची, आणि त्याच आमदाराच्या रस्त्याच्या कंत्राटाची बातमीही त्यानंच द्यायची. तो हे कसं जमवणार? तरीही अनेक जण जमवतात, नोकरीवर आणि जिवावर उदार होऊन बातम्या देतात. सगळेच विकले गेलेत, असं म्हणणं या माणसांवर अन्याय करणारं आहे. तसं म्हटल्यानं सर्वांत जास्त आनंद होतो तो ज्यांच्याविरुद्ध खरी बातमी आली आहे त्यांना. ‘हे सगळे खोटारडेच’ असं एकदा लोकांनी मानलं की, कागदपत्रांसह छापलेला घोटाळाही अफवेच्या रांगेत जाऊन बसतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेलं काहीही खरं ठरतं.

उपाय काही झाले. निवडणूक आयोगानं २०१० नंतर जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या. संशयित पेड न्यूजचा खर्च त्या उमेदवाराच्या नावावर टाकतात. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनं २०१० मध्ये, शेअर घेऊन प्रसिद्धी देणाऱ्या माध्यमसमूहांना त्या कंपनीबद्दलच्या मजकुरासोबत आपली भागीदारी जाहीर करणं बंधनकारक केलं. पण प्रेस कौन्सिल आजही फक्त ताकीद देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

म्हणून काम वाचकाच्याही पदरात येतं. प्रत्येक अंकात एखाद्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एका माणसाचं नाव असतं, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कायद्यानं ज्याच्यावर आहे त्याचं. खोटी, अर्धवट किंवा विकत घेतल्यासारखी बातमी दिसली की कात्रण काढा आणि त्या नावानं लेखी पत्र पाठवा. त्याची प्रत ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दैनिकाच्या बाबतीत बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. वाहिनीची तक्रार आधी वाहिनीकडे आणि मग तिच्या नियामक मंडळाकडे जाते. आणि ज्या वार्ताहरानं कोणाची भीड न ठेवता खरी बातमी दिली, त्यालाही दोन ओळी लिहा, त्याच्या संपादकाला त्याची प्रत पाठवा.